लांबचं जवळ आणणारं भिंग

लोणी देवकर, ता. इंदापूर
मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५

अविराज,

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे तुला डोकं खाजवत बसायला नको. मी सिंधुबाई. तुझ्या बापाची आई. उंचीनं कमी, तोंडानं जास्त. तुझे दुधाचे दात ज्या पत्र्यावर फेकले तो पत्रा अजून आहे आणि त्याच्याखाली मी आहे. तुझ्या बापाचं नाव मोहनराव. तुम्ही पोरं त्याला तात्या म्हणायचात. तुला एक धाकटी बहीणसुद्धा आहे, स्वरूपा. हे पत्र तीच लिहिते आहे. मला अक्षर येत नाही एवढं तरी तुला आठवत असेल. मी बोलते, ती लिहिते आणि माझं 'हाय' खोडून 'आहे' करते. करू दे. शाळेला घातलेला पैसा कुठंतरी दिसला पाहिजे.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. दर दिवाळीला तू बेळगावहून कुंद्याचा डबा पाठवतोस. आत चिठ्ठीचा कपटा नाही, पण वरच्या कागदावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावाच लागतो. तो कागद मी कापून ठेवला. बेळगाव म्हणजे काही अमेरिका नाही. संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळच्या चहाला माणूस घरी. तुला ती गाडी चार वर्षं सापडली नाही. असो. फोनचा नंबर तू बदललास, आणि नसता बदललास तरी फोन कापता येतो. पत्र कापता येत नाही, फाडावं लागतं. आजीचं पत्र फाडायला तुझा हात धजायचा नाही.

तर काम असं आहे. स्वरूपाला भिंग घ्यायचं आहे. पाखरांचे फोटो काढायचं, लांबचं जवळ आणणारं, तुझं होतं तसलं. ती इथं एमायडीसीत कंपनीत पॅकिंगला जाते आणि सुट्टीच्या दिवशी धरणाच्या पाण्यावर. मैत्रिणीचा जुना कॅमेरा तिनं घेतला आहे. होडीवाले तिला म्हणालेत, पोरी, तुला पाखरं ओळखू येतात, थंडीत पुण्या-मुंबईची माणसं येतील तेव्हा त्यांच्याबरोबर होडीत बस, पण स्वतःचं भिंग आण. नुसत्या कॅमेऱ्याच्या बाईचं कुणी ऐकत नाही.

आता भिंगांत दोन जाती निघाल्या. एक शंभर ते चारशे, एक दीडशे ते सहाशे. मी म्हटलं, हे काय उसाचं टनेज आहे का? ती म्हणाली, आकडा मोठा तेवढं लांबचं दिसतं. मग तिचं मन सहाशेवर बसलं, कारण तुझं सहाशेचं होतं. दुकानदार म्हणतो हे घ्या, होडीवाला म्हणतो ते घ्या. घरात ह्यातलं कळणारा एकच माणूस होता आणि तो बेळगावात फाउंड्रीत लोखंड ओततो.

तुझं भिंग असतं तर तेच तिला दिलं असतं. पण ते कुठं गेलं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि उजनीतल्या माशांना माहीत आहे.

सोबत कोरं कार्ड घातलं आहे. आमचा पत्ता स्वरूपानं घालून ठेवलाय, तेवढेही कष्ट नकोत तुला. कुठलं भिंग घ्यावं एवढंच लिही. बाकी काही लिहू नको. लिहिलंस तर मी काही पोलिसात जाणार नाही.

तुझ्या आजीचा अंगठा


लोणी देवकर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

अविराज,

कार्ड आलं नाही. बेळगावात पेन मिळत नसेल तर सांग, पाठवते.

तोवर मी स्वतःच भिंग बघून आले. हसू नको. पुण्याहून एक डॉक्टरीण बाई येतात, त्यांच्याकडं सहाशेवालं आहे. स्वरूपानं मला होडीत बसवलं. पाण्याची मला भीती, पण नातीसमोर दाखवायची नाही म्हणून देवाचं नाव मनात आणि हात काठाला घट्ट. बाईंनी ते धूड माझ्या मांडीवर ठेवलं. दोन महिन्यांचं वासरू ठेवल्यासारखं. डोळा लावला तर पलीकडच्या काठावरचा बगळा माझ्या नाकासमोर! त्याच्या चोचीत मासोळी होती, तिची शेपटी हलत होती. मला माझ्या ताटातलं नीट दिसत नाही आणि हे दिसलं. तेव्हा कळलं, तू तासन् तास का पडून राहायचास ते.

मग मी भिंग वळवून स्वरूपाकडं धरलं. ती होडीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तर नुसतं धुकं. मी म्हटलं, "बिघडलं गं बाई, आता हे भरून द्यावं लागणार!" डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आजी, ह्याला अगदी जवळचं दिसत नाही. माणूस थोडं लांब गेल्याशिवाय ह्याला चेहरा लागत नाही."

तुझीच आठवण आली, एवढंच सांगते.

घरी आल्यावर मोहनपुढं ताट ठेवलं आणि विषय काढला. त्यानं भाकरी तशीच ठेवली. "ह्या घरात पुन्यांदा भिंग येणार न्हाय." स्वरूपा म्हणाली, "तात्या, माझ्या पगाराचं घेतेय." तर म्हणाला, "पगार तुजा आसंल, घर माजं हाय." आणि उठला. जनावरांना वैरण टाकली होती तरी पुन्हा टाकली.

आता एक गोष्ट लिहून घेते. तुला ती माहीत आहे, पण स्वरूपा तेव्हा पुण्याला वसतिगृहात होती, तिला कुणी नीट सांगितली नाही. तिच्याच हातानं लिहून घेते, म्हणजे दोघांना एकदाच सांगून होईल.

मार्गशीर्ष होता. तू कऱ्हाटीला मामाकडं गेला होतास. तिथल्या माळावर डबकं आहे, पाखुर्ड्या, ती माळावरची मातकट पाखरं, सकाळी त्या पाण्यावर येतात. तू गवतात पोटावर पडून होतास आणि फोन बंद होता, कारण एकदा वाजला की सगळा थवा गेला. इकडं मनिषाच्या, तुझ्या आईच्या, छातीत कळ आली. मोहननं जीप करून तिला बारामतीला नेलं. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. तू आलास तेव्हा तुझ्या शर्टाला कुसळं चिकटलेली होती, तीसुद्धा कुणी झटकली नाहीत. आणि भरल्या अंगणात तुझा बाप बोलला, "लांबच्या पाखराचं बुबुळ दिसतं तुला. आई मरताना दिसली न्हाय."

तेरावं झाल्यावर तो तुझी भिंगाची पिशवी उचलून धरणाकडं चालत गेला. रिकाम्या हातानं परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं अंथरूण घडी घातलेलं होतं.

स्वरूपाचं पेन थांबलं आहे. आज इथंच पुरे.

आजीचा अंगठा


लोणी देवकर
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, घट बसले

अविराज,

आलं बाबा कार्ड! पोस्टमननं हातात दिलं आणि म्हणाला, "आजी, हल्ली कार्ड कोण लिवतं?" मी म्हटलं, "ज्याला फोनवर बोलायला तोंड न्हाय त्यो."

स्वरूपानं मला वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला लावलं. आता मला ते पाठ आहे. बघ, चुकलं तर सांग:

"चारशेचं घे. आकड्याला भुलू नको. होडी हलते, तिथं ट्रायपॉडचा उपयोग नाही, भिंग हातातच धरावं लागतं. सहाशेचं घेतलंस तर दहा वाजेपर्यंत खांदा जाईल आणि फोटो हलतील. आपल्या पाण्यावर नावाडी जवळ नेतो, चारशे पुरतं. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय आहे का ते विचार. जुनं घेणार असशील तर मागून बॅटरीचा उजेड टाकून आत बुरशी आहे का बघ. दुकानात एक तास हातात धरून उभी राहा, मग ठरव. आणि काही झालं तरी फोन बंद ठेवू नको. दादा."

भिंगाबद्दल एवढं, आणि माणसांबद्दल एक अक्षर नाही. आजी मेली का जिवंत, विचारलं नाहीस. बरोबर आहे, मेलेली आजी पत्रं कशी पाठवेल. पण शेवटच्या वाक्याला स्वरूपा रडली. मी रडले नाही. मला मोतीबिंदू आहे, त्याचं पाणी येतं.

कार्ड टीव्हीवर ठेवलं होतं. मोहननं येता-जाता ते उचललं, पाठपोट बघितलं, ठेवलं, पुन्हा उचललं. जेवताना विचारतो, "बेळगावात पाऊस कसा हाय म्हणं?" कार्डात पावसाचा थेंबसुद्धा नाही. मी म्हटलं, "बरा हाय म्हणतोय." तो म्हणाला, "हं."

चार वर्षांत तुझ्या गावाचं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं. मी त्या रात्री दोन घास जास्त खाल्ले.

भिंगाला मात्र त्याचं 'न्हाय' म्हणजे न्हायच आहे. थंडी जवळ येते आहे. होडीवाले विचारतात, आणि पोरगी मान खाली घालते. तू चारशेचं सांगितलंस ते बरं केलंस, पण ते घरात आणायचं कसं, ते तुझ्या कार्डात नव्हतं.

सोबत आणखी एक कोरं कार्ड.

आजीचा अंगठा


लोणी देवकर
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याचा दुसरा दिवस

अविराज,

हे पत्र बसून वाच. उभ्यानं वाचू नको.

परवा खंडेनवमी झाली. आपल्याकडं त्या दिवशी अवजारं पुजतात, तुला सांगायला नको. घरातली विळी-खुरपी मी पुजते. पाण्यावरच्या मोटारीच्या खोपीतली अवजारं मोहन एकटाच पुजून येतो. तिथं कुणी गेलेलं त्याला आवडत नाही. यंदा त्याची कंबर धरली. वाकता येईना. तरी म्हणतो, "तुमी नका येऊ, चिखल हाय." मी म्हटलं, "चिखलातच जन्म गेला माजा, आता काय संगमरवर मागू?" स्वरूपानं ताट घेतलं, मी काठी घेतली, आणि तो आमच्या मागं कंबर धरून.

खोपीत स्वरूपा एकेक अवजार बाहेर काढून धूत होती. कोयते, पाने, फवारणीचा पंप. कोपऱ्यात खताच्या पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मोहन म्हणाला, "ते पोतं ऱ्हाऊ दे."

"का? त्यात नाग हाय का?" मी म्हटलं.

स्वरूपानं पोतं उलगडलं.

आत निळ्या लुगड्याची छोटी उशी होती. तुझ्या आईनं तिच्या हातानं शिवलेली, हुलगे भरून, तू जीपच्या खिडकीवर भिंग टेकवायचास ती. आणि तिच्यावर तुझं भिंग.

अविराज, त्याच्या पुढच्या काचेवर कुंकू होतं. थोडं नाही. तीन दसऱ्यांचं. वाळून ढलप्या झालेल्या, कडेला हळद, आणि कड्यात झेंडूची वाळलेली पाकळी अडकलेली.

स्वरूपा ओरडली, "तात्या, ह्याच्या काचेला बोटसुद्धा लावायचं नसतं!"

"मला काय ठावं," तो म्हणाला. "सांगणारा निघून गेला."

मी विचारलं, "मोहन, हे पाण्यात गेलं व्हतं ना?"

"गेलो व्हतो टाकायला."

"मग?"

"अवजार हाय, आई. कुदळ पायावर पडली म्हणून कुणी कुदळ हिरीत टाकतं व्हय?"

"आन् कुंकू?"

"समद्या अवजारांना लावतो. ह्याला एकट्याला कसा वगळू? कोयत्याला पात्यावर लावतो, मोटारीला कपाळावर. ह्याला डोळाच दिसला, म्हणून डोळ्यावर लावलं."

मग तो मोटारीच्या कट्ट्यावर बसला. कंबर दुखत होती म्हणून बसला, असं तो म्हणेल. आणि पाण्याकडं बघत बोलला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहायला मी स्वरूपाला सांगते आहे, एकही 'हाय' न खोडता:

"मनिषानं सांगितलं व्हतं, आई. जीपमंदी बसताना. म्हणाली, आत्ता त्याला फोन नगा लावू, पाखुर्ड्या पाण्यावर यायची येळ हाय, उडून जातील. मला नुसतं पित्त झालंय. सांजच्याला येईलच त्यो. म्हणून म्या न्हाय लावला. डॉक्टर भाईर आला, मान हलवली, तवा लावला. तवा बंद लागला."

"हे तू अविराजला सांगितलंस?"

तो उठला, ताट घेतलं आणि कोयत्याला कुंकू लावायला लागला. वाकता येत नव्हतं तरी लावलं.

मी म्हटलं, "मग मी कळवते."

त्यानं हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "लिव्ह."

तर लिहिलं. म्हणजे त्या सकाळी तुझा फोन चालू असता तरी तुझ्या आईचा जीव असेपर्यंत तो वाजला नसता. हे नीट वाच. दोनदा वाच. तुझ्या आईनं तुझी पाखरं राखली होती.

आजीचा अंगठा


लोणी देवकर
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

अविराज,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "कुंकू फडक्यानं पुसू नका, ओरखडे पडतील. पुण्याला दाखवा." एवढंच. मी एवढी रामायणाएवढी गोष्ट लिहून धाडली आणि तू फडक्यावर बोललास. पण स्वरूपा म्हणते की कार्डावर शाई एका जागी पसरली आहे. बेळगावात पाऊस आहे म्हणायचा तर.

पुण्याला दाखवलं. कोण घेऊन गेलं विचार. मोहन. कंबरेला पट्टा बांधून, उशी मांडीवर, उशीवर भिंग, एसटीत खिडकीशी. शेजारच्यानं विचारलं, "काय हाय ओ ह्यात?" तर म्हणाला, "पोराचं अवजार हाय. धार लावायला चाललोय."

दुरुस्तीवाल्यानं ते उघडलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, "बुरशी मी रोज काढतो, पण कड्यांच्या आत कुंकू आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." स्वरूपाला हसू आवरेना. मोहन आपला टोपी हातात घेऊन उभा. पुन्हा दोन दिवसांनी आम्ही तिघांनी जाऊन आणलं. सगळं निघालं, एक डाग सोडून. पुढच्या काचेवर बोटाचा ठसा उमटून बसलाय, तिथला मुलामाच खाल्ला गेला. तो जाणार नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "फोटोत दिसणार नाही. फक्त उन्हाकडं तोंड करून धराल तर जाणवेल."

तेव्हा तुझ्या बापानं तुला काही लिहिलं नाही, अशी तक्रार करू नको. मी पत्राखाली अंगठा उठवते, त्यानं तिथं उठवलाय. आमच्या घरात सही अशीच करतात.

आता भिंगाचं. मी तिथंच स्वरूपाला म्हटलं, हे आता साफ झालंय, हेच वापर, नवं कशाला? तिनं ते उचलून धरलं, डोळा लावला आणि थोड्या वेळानं खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, हे माझ्या हाताला पेलत नाही." तेवढ्यात मोहनच बोलला, आपणहून. "खुरप्याची मूठ ज्याच्या हाताला बसती त्यालाच ते खुरपं चालतं. हे तिच्या हाताचं न्हाय. तिला तिच्या हाताचं घ्या." आणि तसाच आम्हा दोघींना घेऊन तिथल्याच भिंगांच्या दुकानात गेला. तिथं स्वरूपा तू सांगितलंस तशी चारशेचं हातात धरून तासभर उभी राहिली. दुकानातली माणसं बघत होती. मोहन शेजारी स्टुलावर बसून. मध्येच विचारायचा, "खांदा दुकतो का?" ती म्हणायची, "न्हाय, तात्या." मग तो दुकानदाराला म्हणाला, "बांधा हे."

ह्या रविवारी ती होडीत बसली. फोन चालू होता. मी मुद्दाम दोनदा लावला. एक बगळा उडाला म्हणे. उडू दे.

तुझं भिंग आता घरात आहे, देवळीत, निळ्या उशीवर. हुलग्यांना कीड लागली होती, त्यांचं पीठ झालं होतं. मी उशी उसवून धुतली आणि नवे हुलगे भरले. टाके मनिषासारखे आले नाहीत. तिचा हात बारीक होता. भिंगाला कुणी हात लावत नाही. ज्याच्या हाताचं आहे त्यानं यावं.

मी मोहनला म्हटलं, "पत्रात तुजं काय लिवायचं का?" तो दारात उभा होता. मग म्हणाला, "लिव्ह, औंदा पाणी चांगलं हाय. ती तांबडी बदकं लवकर आल्यात म्हणावं. लई दिस थांबत न्हाईत ती." आणि वैरण टाकायला गेला. टाकलेली होती.

तुला ह्यातून काय समजायचं ते समज. तू लांबून बारीक बघणारा आहेस.

आजीचा अंगठा

ता. क. यंदा कुंदा पार्सलनं पाठवू नकोस. आला तर पोस्टमनच्या हाती तसाच परत धाडीन. भाऊबीजेच्या आत स्वतःच्या हातानं आण. एक डबा पुरत नाही. मोहन "मला गोड नको" म्हणतो आणि दर साली डबा आपोआप रिकामा होतो. तेव्हा दोन आण. एक त्याच्या एकट्यासाठी, त्याला दिसेल असा ठेव. दुसऱ्यातला पहिला चमचा मनिषाच्या फोटोपुढं. आणि मला साखर चालत नाही हे कुणाला सांगू नकोस, माझ्या वाटणीचा जरा जास्तच आण.